भावे नाट्यमंदिरातल्या रहस्यकथाकारांच्या गप्पा: काय वाचून जावे आणि काय विचारावे?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. येत्या रविवारी सायंकाळी सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात तीन रहस्यकथाकारांच्या गप्पांचा कार्यक्रम आहे. त्यांपैकी एक पुण्याच्या लेखिका आहेत, दुसरे कोल्हापुरात वकिली करणारे कादंबरीकार आहेत आणि तिसरे मुंबईत बरीच वर्षे गुन्हेवार्ता लिहून आता कादंबरीकडे वळलेले पत्रकार आहेत. आमची तीन तिकिटे काढून झाली आहेत: माझे, यजमानांचे आणि आठवीतल्या नातीचे.

मी रहस्यकथेची जुनी वाचक आहे. वडील भाड्याच्या लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकरांची छोटी पुस्तके आणत आणि आई ती माळ्यावर टाकत असे. मी ती माळ्यावरून काढून भूगोलाच्या वहीत घालून वाचत असे. चष्म्याचे दुकान सांभाळून एका माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, ही गोष्ट मला त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांपेक्षाही अद्भुत वाटत आली आहे. लायब्ररीच्या प्रतींमध्ये एक संकट हमखास असे: आधीच्या कोणा वाचकाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असे.

ते संकट आठवण्याचे कारण असे की दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी मी अशाच कार्यक्रमाला गेले होते आणि तिथे सूत्रसंचालकांनी लेखकाची ओळख करून देण्याच्या भरात नव्या कादंबरीतला खुनी कोण, हे माईकवरून सांगून टाकले. लेखक कसनुसे हसले. पुढचा दीड तास ‘कथा कशी सुचते’, ‘रोज किती पाने लिहिता’, ‘खरे गुन्हेगार तुम्हाला भेटले आहेत का’ या प्रश्नांत गेला. उत्तरे सभ्य होती, पण घरी आल्यावर त्यांतले एकही आठवेना.

रहस्यकथेच्या लेखकाशी बोलण्यात मूळचीच एक अडचण आहे असे मला वाटते. कवीला त्याच्या कवितेतल्या शेवटच्या ओळीबद्दल विचारता येते. इथे मात्र पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सभागृहात उच्चारायचीच नसते. मग बोलायचे कशाबद्दल? तिघांची पुस्तके आधी वाचून जावे की कोऱ्या मनाने जावे? उत्तर देताना शेवट फुटणार नाही आणि तरी लेखकाला खरोखर विचार करावा लागेल, असा प्रश्न कोणता? यजमानांचे म्हणणे असे की ज्या रंगमंचावर नाटक पाहायचे, तिथे तीन माणसे खुर्च्यांवर बसून बोलताना कशाला पाहायची. त्यांनाही काही उत्तर सुचवलेत तर उपकार होतील.

तिसरी घंटा (मिरज)

ताई, यजमानांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण माझी हयात विंगेत गेली आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले. त्या नाटकात पद्ये सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे प्रसंगानुरूप आयत्या वेळी बोलत असत. समोर बसलेल्या प्रत्येकाला धनुष्य कोण मोडणार हे पाळण्यात असल्यापासून ठाऊक होते. शेवट माहीत असलेल्या लोकांना दोन घटका जागेवर खिळवून ठेवण्याची कला या गावाने अशी पहिल्यापासून पाहिली आहे, आणि रविवारी जे तिघे बसणार आहेत त्यांची कला नेमकी उलटी आहे. सूत्रधार मात्र दोन्हीकडे लागतोच. तुमच्या दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमात सूत्रधारच बिघडला होता, लेखक नव्हे.

नाटकवाल्यांना रहस्य राखता येते, याचा एक दाखला देतो. अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाले आणि कोविडच्या साथीतला खंड सोडला तर आजही चालू आहे. प्रयोग संपल्यावर रंगमंचावरून प्रेक्षकांना विनंती केली जाते की खुनी कोण हे बाहेर जाऊन सांगू नका. आता ते नाव कुठेही वाचायला मिळते, तरीही ती विनंती होते आणि बहुतेक लोक ती पाळतात. रविवारी आपल्या सूत्रसंचालकांना मध्यंतराआधी कोणीतरी ही गोष्ट ऐकवावी.

बसण्याबद्दल सांगायचे तर गप्पांच्या कार्यक्रमाला अगदी पहिल्या रांगेत बसू नये. तिथून मान वर करून बोलणाऱ्याचे बूट दिसतात आणि प्रेक्षकांतून आलेला प्रश्न पाठीमागून अर्धाच ऐकू येतो. पाचव्या-सहाव्या रांगेत मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची धरा, म्हणजे फिरता माईक तुमच्यापर्यंत लवकर पोहोचेल. प्रश्न उभे राहून, सावकाश आणि दोन वाक्यांत विचारा. आपल्याकडे प्रश्नाच्या नावाखाली भाषण करण्याची रीत फार आहे.

माजी फौजदार (सातारा)

या गप्पांना मी येणार नाही, परंतु आलो असतो तर मी एकच विचारले असते: तुमचा पोलीस कागद कधी लिहितो? पुस्तकातला तपास अधिकारी धावतो, विचार करतो, सिगारेट ओढतो. लिहीत कधीच नाही. आमची अर्धी नोकरी लिहिण्यात गेली. मृतदेह सापडला की आधी आकस्मिक मृत्यूची नोंद, मग मरणोत्तर पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनासाठी पत्र, व्हिसेरा (विषतपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर तो सीलबंद करून प्रयोगशाळेकडे रवाना करणे, आणि या सगळ्यात रात्री अकरा वाजता दोन पंच शोधणे. साक्षीला कोर्टात यावे लागेल हे कळले की भरलेला चौक रिकामा होतो. पंच मिळवण्याची ही धडपड एखाद्या लेखकाने नीट लिहिली, तर त्यात पाठलागापेक्षा अधिक थरार भरेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ न राहता १०३ झाले. मरणोत्तर चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ कलमाखाली होत असे; ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली होते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही नव्या कायद्यात आहे. म्हणजे आजच्या काळात घडणाऱ्या कादंबरीत फौजदाराने एकट्याने खोलीत शिरून खिशातून भिंग काढणे आता शोभत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी खटकणारी गोष्ट म्हणजे शेवटच्या प्रकरणातला कबुलीजबाब. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा जुना नियम साक्ष अधिनियमाच्या नव्या रूपातही, कलम २३ मध्ये, कायम आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या शोधापुरता तो भाग उपयोगी पडतो. पंचांसमोर निवेदन लिहून घ्यायचे, त्याच्या मागोमाग जायचे आणि त्याने दाखवलेल्या जागेतून कोयता किंवा कपडे काढायचे, हे त्यातले खरे नाट्य. दिवाणखान्यात सगळ्यांना गोळा करून खुन्याकडून रडत कबुली घेणारा गुप्तहेर कोर्टात पहिल्या तारखेलाच उघडा पडेल.

मृत्यूची वेळ ‘रात्री दहा वाजून वीस मिनिटे’ अशी सांगणारे डॉक्टरही मला पुस्तकांतच भेटले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शरीर ताठरणे लवकर सुरू होते आणि लवकर ओसरते. त्यामुळे खरा डॉक्टर काही तासांचा अंदाज देतो आणि तोही हात राखून.

नातीला जरूर न्या. तेराव्या वर्षी मुले टीव्हीवर याहून भयंकर पाहतात आणि तिथे प्रश्न विचारायची सोय नसते.

उलटी खूण (पुणे)

फौजदारसाहेबांचा मान राखून असहमती नोंदवतो. त्यांनी सांगितले तसे सगळे लिहिले, तर कादंबरीचा पंचनामा होईल आणि वाचक पंचांसारखा पळून जाईल. वाचकाला कायद्याचा अभ्यास करायचा नसतो, त्याला कोडे सोडवायचे असते. ताई, तुम्ही काहीही न वाचता जा. नंतर पुस्तक वाचताना लेखकाचा आवाज कानात राहतो, त्याची गंमत वेगळी आहे.

जुनी नोंदवही (सांगली)

ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस ‘काहीही न वाचता जा’ या सल्ल्याला संमती देऊ शकत नाही. प्रत्येकाचे एकेक पुस्तक वाचा, पण नवे नको, जुने घ्या. नव्याबद्दल लेखक सावध बोलतो, कारण ते विकायचे असते. जुन्याबद्दल तो मोकळा होतो आणि स्वतःच्या चुकाही सांगतो. शिवाय पुस्तक संपले की लगेच पहिले प्रकरण पुन्हा वाचा. चांगल्या रहस्यकथेत दुसऱ्या वाचनात पहिल्या प्रकरणाचा अर्थच बदललेला असतो, आणि विचारण्याजोगा प्रश्न तुम्हाला तिथे सापडेल.

इंग्लंडमधल्या रहस्यकथाकारांनी १९३० मध्ये ‘डिटेक्शन क्लब’ काढला, तेव्हा सभासदांकडून शपथ घेत असत की आमचा गुप्तहेर दैवी साक्षात्काराने किंवा निव्वळ योगायोगाने गुन्हा उकलणार नाही आणि महत्त्वाचा धागा आम्ही वाचकापासून दडवणार नाही. त्यात थट्टा बरीच होती, तरी तत्त्व पक्के आहे. लेखकाने फसवावे, पण खोटे बोलू नये. म्हणून माझा प्रश्न असा असता: ‘वाचकाशी एकही शब्द खोटा न बोलता तुम्ही त्याला सर्वांत सफाईने कुठे फसवलेत?’ याचे उत्तर शेवट न सांगताही देता येते, कारण ते युक्तीबद्दल आहे, गुन्हेगाराबद्दल नाही.

थोडे विषयांतर करतो. २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो ग्रंथ भिजले, हे आपल्याला ठाऊक आहे. दुर्मीळ ग्रंथांसाठी सगळे हळहळले आणि ते योग्यच होते. पण भाड्याच्या लायब्ऱ्यांमधून हातोहात फिरलेल्या, स्वस्त कागदावरच्या रहस्यकथा जपून ठेवाव्यात असे पूर नसतानाही फारसे कोणाला वाटले नाही. तुमच्या आईसाहेबांच्या माळ्यावर काही उरले असेल, तर रद्दीत देऊ नका.

हरिपूरकर

विचारायचेच असेल तर पेवाचे विचारा. लंडनच्या धुक्यातले खून आपण पुष्कळ वाचले. हळदीच्या पेवातला मी तरी अजून वाचलेला नाही. बाहेरगावच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे, सांगलीजवळच्या हरिपुरात, हळद जमिनीखाली खोल खड्ड्यांत साठवत. तोंड माणूस उतरेल एवढे लहान, आत पोट मोठे, आणि माती अशी की ओल लागत नाही. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, तेव्हापासून हा व्यवहार आटला. आता थोडीच उरली आहेत. बंद पेवात प्राणवायू कमी झालेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे तळाशी बसतो. म्हणून तोंड उघडले की लगेच कोणी उतरत नसे. माझे आजोबा आधी कंदील सोडून बघत. ज्योत मंदावली तर कंदील वर आणि माणूसही वर.

माजी फौजदार (सातारा)

हरिपूरकर, हे उत्तम आहे. अंगावर जखम नाही, विषाचा पत्ता नाही, आत उतरायला कोणी ढकललेले नाही. व्हिसेरा पाठवूनही तुम्हाला हवे ते उत्तर येणार नाही. अशा प्रकरणात सारा तपास एकाच वाक्यावर येऊन थांबेल: ‘पेव सकाळपासून उघडे आहे’ असे त्याला कोणी सांगितले?

कृष्णाकाठची (सांगली)

सर्वांचे आभार. कार्यक्रम काल झाला. वृत्तांत थोडा लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

सूत्रसंचालन एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईंनी केले. ‘तिसरी घंटा’ यांचा निरोप मी चिठ्ठीने आधीच त्यांच्याकडे पोहोचवला होता. पडदा वर गेल्यावर त्यांनी पहिलेच वाक्य असे उच्चारले की आज या रंगमंचावर कोणत्याही पुस्तकाचा शेवट सांगितला जाणार नाही आणि ज्यांना तो ठाऊक आहे त्यांनी शेजाऱ्याच्या कानातही सांगू नये. सभागृह हसले आणि सैल झाले. रंगमंचावर तीन खुर्च्या, एक बुटके टेबल, पाण्याचे तांबे आणि मागे काळा पडदा एवढेच होते. काळ्या पडद्यापुढे प्रकाशात बसलेली तीन माणसे पाहून यजमान हळूच म्हणाले, “चौकशीला बसवल्यासारखे दिसतात.” त्यांची हरकत तिथेच संपली असावी, कारण नंतर ते पुढे झुकून ऐकत होते.

पत्रकार लेखकांनी सुरुवातीलाच निराश केले आणि ते मला आवडले. त्यांच्या मते खरे खून बहुतेक कंटाळवाणे असतात: बांधावरून, दारूवरून, पैशावरून; आणि करणारा बहुधा पहिल्या दिवशीच माहीत असतो. बातमीत त्यांना जे लिहिता आले नाही, म्हणजे खुनानंतर त्या घरात स्वयंपाक कोणी केला, शाळेत मुलांना काय सांगितले गेले, ते लिहिण्यासाठी आपण कादंबरीकडे आलो, असे ते म्हणाले.

फौजदारसाहेब, कलमांचा प्रश्न मी तुमच्या वतीने विचारला. वकील लेखकांनी कबूल केले की त्यांच्या एका हस्तलिखितात सर्वत्र ३०२ होते आणि ते बदलावे लागले. पण हवालदाराच्या तोंडचे ‘तीनशे दोन लागेल’ त्यांनी मुद्दाम तसेच ठेवले. हा आकडा कायद्यातून गेला तरी बोलीतून जायला एक पिढी लागेल, आणि जुना हवालदार ‘एकशे तीन लागेल’ असे म्हणाला तर तोच वाचकाला खोटा वाटेल, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले. कबुलीजबाबाच्या मुद्द्यावर मात्र तिघांनीही एकमेकांकडे पाहिले आणि मग लेखिकाबाई म्हणाल्या की कबुली कोर्टासाठी नसते, वाचकासाठी असते. हे उत्तर चतुर होते, पुरेसे नव्हते. तुम्ही असता तर सोडले नसते.

‘जुनी नोंदवही’ यांचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला आणि त्यावरच कार्यक्रम खऱ्या अर्थाने रंगला. लेखिकाबाई काही क्षण गप्प राहिल्या. मग त्या म्हणाल्या की धागा लपवायचा तर तो अंधारात ठेवून चालत नाही, कारण वाचक अंधारातच शोधतो. तो भांडणात ठेवावा. त्यांच्या एका कादंबरीत सासू-सुनेचा स्वयंपाकघरातला वाद आहे. वाचक कोणाची बाजू घ्यावी या विचारात असताना सून ओट्यावरच्या पाच वस्तूंची नावे घेते आणि हवी ती वस्तू तिसरी असते. पहिली आणि शेवटची वस्तू वाचकाच्या लक्षात राहते, मधली निसटते. वकिलांनी यावर सांगितले की ते उलटतपासणीतही हेच करतात. महत्त्वाचा प्रश्न निरुपद्रवी प्रश्नांच्या रांगेत मध्ये उभा करतात. पुस्तक न वाचताही ही युक्ती समजली हे खरे, पण मी ते वाचलेले असल्यामुळे ती तिसरी वस्तू मला आठवली आणि अंगावर काटा आला. ‘उलटी खूण’ यांनी याची नोंद घ्यावी.

शेवटी पेव. माईक नातीने घेतला. हरिपुरात पेवात उतरलेला माणूस वर आलाच नाही, तर तो अपघात की खून हे तुम्ही कसे ठरवाल, असे तिने विचारले. पत्रकारांनी आधी उलट विचारले की एका वेळी किती जण उतरतात, आणि प्रेक्षकांतून चार उत्तरे आली. वकील म्हणाले की इथे सगळी लढाई मनातल्या जाणिवेची आहे: आत हवा नाही हे ठाऊक असून, तो मरावा म्हणूनच उतरवले असे सिद्ध झाले, तर कलम १०३, निष्काळजीपणा ठरला तर १०६, आणि या दोन कलमांमधल्या जागेतच त्यांना कादंबरी दिसते. लेखिकाबाईंना फक्त कंदिलात रस होता. त्यांनी नातीला विचारले, “ज्योत मंदावलेली कोणी पाहिली आणि पाहून कोण गप्प राहिले?” नातीला उत्तर सुचले नाही. सभागृहातही कोणाला सुचले नाही आणि वेळ संपली.

घरी येताना रिक्षात यजमानांनी जाहीर केले की खुनी तो, ज्याने कंदील वर ओढला. नातीचे म्हणणे असे की कंदील सोडलाच नव्हता, सोडला असे सगळ्यांना सांगण्यात आले. रिक्षावाल्याने उतरताना आपले मत दिले, पण ते इथे लिहिले तर ‘तिसरी घंटा’ रागावतील. आता तिला पेव प्रत्यक्ष पाहायचे आहे. हरिपूरकर, पुढच्या रविवारी आलो तर चालेल का?

हरिपूरकर

अवश्य या. चुलत्यांचे एक पेव अजून शाबूत आहे. ते शनिवारी रात्रीच उघडून ठेवतो आणि उतरायचे मात्र कोणीच नाही, वरूनच बघायचे. कंदील माझ्याकडे आहे. पंच तुम्ही आणा.